प्रतिसाद: चाळणी डिस्कपाशीच हवी

वर विचारलंय, की डेटाबेसमध्ये इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून केलेली सूची) नीट लावला तर शोधासाठी वेगळं हार्डवेअर कशाला? आमच्या इंदूरच्या ऑफिसातला अनुभव सांगते. गिऱ्हाइकांच्या यादीत आडनावं मन मानेल तशी टाइप केलेली: देशपांडे, देसपांडे, नुसतं पांडे. '%पांडे' (म्हणजे शेवटी 'पांडे', आधी काहीही) असा शोध टाकला की साधा इंडेक्स कामाचा राहत नाही, सुरुवातीची अक्षरंच माहीत नसतात ना! मग अख्खं टेबल वाचावं लागतं.

हिशोब करून बघा. 200 बाइटची एक ओळ, अशा 5 कोटी ओळी म्हणजे 10 जीबी. हव्या असतात हजारेक ओळी, म्हणजे जेमतेम 200 केबी. बाकी सगळा भार सर्व्हरपर्यंत फुकट वाहून आणायचा. आयसीएल या ब्रिटिश संगणक कंपनीच्या 'कॅफ्स' या शोधयंत्रणेने नेमकं हेच ओळखलं होतं: डिस्कवरून डेटा वाचतानाच हार्डवेअर तो चाळायचं आणि जुळणाऱ्या ओळीच पुढे धाडायचं. नेटेझा या डेटाबेस-यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने हे काम एफपीजीए चिपवर (हवं तसं सर्किट जुळवता येणारी चिप) नेलं. 2008 साली आलेल्या ओरॅकल एक्साडेटा या डेटाबेस-यंत्रात ते स्टोरेज सर्व्हर करतात.

एक मात्र मनापासून सांगते. एक्साडेटा मिळालं तरी आधी क्वेरीचा प्लॅन (डेटाबेस तो शोध कसा घेणार ते) बघा. इंडेक्समधून एकेक ओळ उचलली जात असेल तर स्मार्ट स्कॅन, म्हणजे स्टोरेजमधली ही चाळणी, होतच नाही. आणि एकाच ग्राहक क्रमांकाचा शोध असेल तर इंडेक्सच बरा, तिथे चाळणी लावू नका.