खाण्यासाठी केलेली परदेशवारी: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

सुट्टीची आखणी सुरू झाली की आमच्याकडे एकच विषय निघतो: मित्रमंडळींनी मिळून परदेशातलं एक शहर गाठायचं आणि मनसोक्त खायचं. आठवड्यात चार-पाच देश पळत बघायचे आणि रोज रात्री पनीर, दाल नि जिरा राईसच जेवायचं, असली सहल मला अजिबात पटत नाही. रविवारी सकाळी मिसळीसाठी गावाबाहेरच्या मळ्यात जाऊन रांगेत थांबणारी माणसं आपण! तीच हौस परदेशात केली असेल तर लिहा. कोणतं शहर, कोणते दिवस, काय खाल्लंत, शाकाहारी मंडळींचं कसं झालं. सुरुवात मी करते; प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याचा भाग दिलाय.

गंगापूर रोड

इस्तंबूल. आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिथला नाश्ता चारचौघींनी मिळूनच करावा. ‘सेरपमे काहवाल्ती’ मागितलं की टेबल बशांनी भरून जातं: चीजचे प्रकार, काळे-हिरवे ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मुरंबे, टोमॅटो-मिरचीत शिजवलेली अंडी म्हणजे ‘मेनेमेन’, आणि मधाबरोबर ‘कायमाक’ नावाची दाट साय. ती साय न् मध ताज्या पावावर घेऊन खाल्ला आणि बराच वेळ आमच्यात कुणी बोललंच नाही. चहा येतच राहतो. असा नाश्ता झाला की दुपारचं जेवण आपोआप रद्द होतं, तेव्हा दिवसाचा बेत तसाच ठेवा.

एमिनोन्यूहून बोटीने कादिकॉयला नक्की जा. युरोपातून आशियात जाणारी ही साधी रोजची बोट, तिच्यात बसून चहा आणि तीळ लावलेलं गोल ‘सिमित’ खायचं. पलीकडच्या बाजारात मासळी, ऑलिव्ह, चीज, लोणची यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. लोणच्याचं पाणी पेल्यात भरून पितात. आंबट, खारट, मला फार आवडलं.

पिंपळगाव बसवंत

ताई, आम्हीही इस्तंबूललाच गेलो होतो. आम्ही सगळे द्राक्ष बागायतदार, त्यामुळे पावसाळ्यात, गोडी छाटणीच्या (फळासाठी पावसाळ्यानंतर करायच्या छाटणीच्या) आधी, जरा मोकळीक मिळते तेव्हा निघालो. द्राक्षाची पानं तिथे खातात हे ऐकून होतो, पण बाजारात मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या पानांच्या जुड्या बघितल्या आणि आमचे पाय तिथेच थांबले. पानात तांदूळ, कांदा, पुदिना, कधी बारीक बेदाणे घालून बोटाएवढ्या गुंडाळ्या करतात, ऑलिव्ह तेलात शिजवतात आणि गार झाल्यावर लिंबू पिळून खातात. त्यांना ‘सारमा’ म्हणतात. मांस घातलेल्याही असतात, त्या गरम वाढतात. शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

मला चटका लावून गेलेली गोष्ट वेगळी. तुर्कस्तानात मनिसा भागात बेदाण्यासाठी ‘सुलतानिये’ द्राक्षं लावतात, ती म्हणजे आपली थॉमसन सीडलेसच. जात एकच. तिथे पानालाही गिऱ्हाईक आहे, आपल्याकडे छाटणी-विरळणीतली पानं बांधावर पडतात. मात्र हे वाचून कुणाच्या बागेतली पानं तोडू नका. डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी आमचे औषधाचे फवारे सतत चालू असतात, ती पानं खाण्याची नव्हेत. मी घरामागे एक वेल औषध न मारता वाढवलाय. कोवळ्या पानांच्या गुंडाळ्या आईला खाऊ घातल्या, तिने दुसऱ्यांदा मागून घेतल्या. पुढे कुणाला यात उतरायचं असेल तर पानांसाठी वेगळा, फवारणीमुक्त प्लॉट धरावा लागेल, आणि मला वाटतं ते करून बघण्यासारखं आहे.

द्राक्षाच्या रसाचा काकवीसारखा पाकही मिळतो, ‘पेकमेझ’. तिळाच्या ताहिनीत कालवून पावाला लावतात. जरूर खा.

इंदिरानगर

बँकॉकला शाकाहारी माणूस उपाशी राहतो, असं मला कितीजणांनी सांगितलं! फिश सॉस खरंच सगळीकडे असतो. पण आम्ही नवरात्रात गेलो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे ‘किन जे’ पाळतात: मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य, आणि कांदा-लसूणसुद्धा. 2024 मध्ये त्यांचा नऊ दिवसांचा नेम आणि आपलं नवरात्र दोन्ही 3 ऑक्टोबरलाच सुरू झालं. अधिक महिन्यामुळे तारखा दरवर्षी जुळत नाहीत. 2025 मध्ये त्यांचा नेम ऐन दिवाळीत आला. तिकीट काढण्याआधी तारीख बघा.

यावारात या तिथल्या चायनाटाउनच्या रस्त्यावर पिवळ्या पताका लागतात, त्यांवर लाल अक्षरं. पताका दिसली की बिनधास्त खायचं. तळलेली अरवी, टोफू, भाज्या घातलेल्या नूडल्स, गरम सोया दूध. पांढरे कपडे घातलेल्या आज्या देवळात उदबत्त्या लावून येत होत्या आणि आमच्याच शेजारी बसून जेवत होत्या. घरी देवीचे नऊ दिवस पाळणाऱ्या माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी आधी कुळाचार विचारला. आता त्यांनाही यायचंय.

नाशिकरोड

सिंगापूर, निवृत्त मित्रांचा गट. हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे अनेक स्टॉल, ते सोडून कुठे जेवलो नाही. ही संस्कृती 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, ते योग्यच झालं. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर जागा धरलेली आहे असं समजा. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा असतो, तसा नियम आहे. चिनी नववर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत जाऊ नका, पुष्कळ स्टॉल बंद असतात.

सिडको

डिसेंबरात व्हिएन्ना. राटहाउसच्या (नगरभवनाच्या) समोरचा नाताळबाजार गर्दीचा असला तरी बघाच: भाजलेले चेस्टनट, ‘पंच’ नावाचं गरम पेय. त्याचा कप परत केला की अनामत परत मिळते. 24 तारखेला दुपारनंतर दुकानं मिटतात, खाण्याची सोय आधी करून ठेवा. आणि ‘कायझरश्मारन’ सोडू नका. जाडसर गोड धिरड्याचे तुकडे आणि सोबत आलुबुखारचा मुरंबा. एका ताटलीत दोघांचं भागतं.

पंचवटी

ताई, इस्तंबूलला आमच्यात दोघं पक्के शाकाहारी आहेत, आणि त्यांना तिखट हवं असतं. काय खावं?

गंगापूर रोड

मसूर डाळीचं सूप ‘मर्जिमेक चोर्बासी’ बहुतेक ठिकाणी मिळतं, फक्त मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारा. पालक किंवा चीज भरलेलं ‘गोझलेमे’ आहे, ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्या आहेत. आणि तिखटासाठी ‘चिग कोफ्ते’. मूळ पदार्थ कच्च्या मांसाचा, पण दुकानांत विकतात तो बल्गर गहू, टोमॅटो आणि लाल मिरचीचा मळलेला गोळा असतो. पातळ रोटीत लेट्यूस घालून गुंडाळतात, वर डाळिंबाचं आंबट सिरप. तिखट जास्त घाला म्हणून सांगायचं, ते आनंदाने घालतात.