भाच्याला बँकॉकहून येताना पकडलं, वकील म्हणतात गुन्हा कबूल कर. करावा का?

द्राक्षवाला_पिंपळगाव

नमस्कार मंडळी. घरातली गोष्ट आहे, पण जाणकारांना विचारल्याशिवाय आता इलाज नाही.

माझा भाचा, वय 23, सातपूरला कंपनीत कंत्राटी कामाला होता. ओळखीतल्या एकाने त्याला बँकॉकला पाठवलं. तिकीट, हॉटेल सगळं त्याचं, वर 40 हजार देणार. येताना एक बॅग आणायची, आत सिगारेटी आहेत म्हणून सांगितलं. मुंबई विमानतळावर कस्टम्सने धरलं. सिगारेटची 12 कार्टन निघाली, म्हणजे 2400 सिगारेटी, आणि खाली प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटांत हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यात वाढवलेला, गांजा. पंचनाम्यात निव्वळ वजन 2 किलो 860 ग्रॅम आहे. पेपरात कोट्यवधींचा माल म्हणून आलं, तेव्हापासून बहीण दळण आणायलाही बाहेर पडत नाही.

पोरगा वर्षभर मुंबईच्या आर्थर रोड जेलमध्ये आहे. जामीन एकदा नाकारला. आता चार्ज फ्रेम होणार, म्हणजे कोर्ट आरोप ठेवणार, तर वकील म्हणतात कबूल कर, कोर्ट दया दाखवेल, दोन-अडीच वर्षांत बाहेर. भाचाही मुलाकातीला म्हणाला, "मामा, एकदाचं मिटवा." सिगारेटी लपवून आणतोय हे त्याला ठाऊक होतं, ते तो मान्य करतो. गांजाचं ठाऊक नव्हतं म्हणतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. काय करावं?

ॲडव्होकेट_सीबीएस

दादा, मी आपल्या नाशिक जिल्हा कोर्टात फौजदारी बघते, एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची, कामं केली आहेत. आधी पेपरातली किंमत डोक्यातून काढा. एनडीपीएसमध्ये शिक्षा किमतीवर नाही, वजनावर ठरते. गांजा 1 किलोपर्यंत अल्प मात्रा, 20 किलोच्या वर व्यावसायिक. व्यावसायिक असेल तर किमान 10 वर्षं, कमाल 20, आणि किमानाच्या खाली न्यायाधीशांना येता येत नाही. तुमचा भाचा मधल्या गटात बसतो. तिथे 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड, पण किमान शिक्षा ठरलेली नाही. फरक किती मोठा ते बघा: एमडीची (मेफेड्रोन नावाच्या ड्रगची) व्यावसायिक मात्रा फक्त 50 ग्रॅम आहे. 50 ग्रॅमच्या वरची एमडीची पुडी असती तर किमान 10 वर्षं ठरलेलीच होती.

जामिनासाठीही हाच मुद्दा. कलम 37 ची कडक अट मुख्यतः व्यावसायिक मात्रेला आहे, मधल्या मात्रेला नाही. एकदा नाकारला म्हणजे दार बंद झालं असं नाही. वर्ष आत काढलंय, हायकोर्टात जा.

आता कबुलीचं. "कोर्ट दया दाखवेल" हे वकिलांचं मत आहे, कोर्टाचं आश्वासन नाही. प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेची तडजोड, 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच आहे, इथे लागूच होत नाही. म्हणजे आज कबूल केलं तर 10 वर्षांची कमाल मर्यादा तशीच राहते आणि "मला ठाऊक नव्हतं" हा बचाव मात्र कायमचा गेला. तो बचाव सोपा नाही, हेही स्पष्ट सांगते. कलम 35 प्रमाणे कोर्ट धरूनच चालतं की ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही संशयाला जागा न ठेवता. नुसती शपथ पुरत नाही. तिकीट कोणाच्या कार्डवरून काढलं, हॉटेलचे पैसे कोणी भरले, फोनमधले व्हॉट्सॲप मेसेज, बॅग कुठे आणि कोणी हातात दिली, हे कागद लागतात. आणि हेच कागद, समजा दोषी ठरला, तरी शिक्षेच्या सुनावणीत कामाला येतात. तेव्हा कोर्टाला माणूस दिसायला हवा: वय, आधीचा गुन्हा नाही, घरची परिस्थिती, यात त्याचा वाटा नेमका किती.

झडतीचा मुद्दा उचलू असं कोणी सांगितलं तर नीट विचारा. कलम 50 अंगझडतीला आहे, बॅगेला नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2005 मध्येच सांगितलंय. त्यापेक्षा नमुने कलम 52अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढले का ते बघा. कलम 67 खाली अधिकाऱ्यांनी जबाब घेतला असेल तर सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या तोफानसिंग निकालामुळे तो कबुली म्हणून वापरता येत नाही.

सिगारेटींचं वेगळं. विमानाने येताना 100 सिगारेटींपर्यंत सूट, त्यावर जाहीर करून ड्युटी भरायची. माल जप्त होतो, खात्याचा दंड वेगळा. कस्टम्स ॲक्टचं कलम 135 लावलंय का ते बघा. मालाचा बाजारभाव 1 कोटीच्या वर किंवा बुडवलेली ड्युटी 50 लाखांच्या वर गेली तर तिथे 7 वर्षांपर्यंत, एरवी 3 वर्षांपर्यंत. इथे किंमत बघतात, म्हणून 135 फक्त सिगारेटींना लावलंय की गांजालाही, हे वाचणं महत्त्वाचं. दोन्ही कायद्यांत शिक्षा झाली तर त्या एकत्र भोगायच्या, असा आदेश वकिलांनी मागून घ्यावा.

गंगापूररोड_ताई

माझा भाऊ याच कायद्याखाली नाशिकरोड जेलमध्ये शिक्षा भोगून आला. दोन गोष्टी आम्हाला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. इतर कैद्यांना कामाचे, वागणुकीचे माफीचे दिवस मिळतात, ते कलम 32अ मुळे या कायद्याच्या कैद्याला मिळत नाहीत. म्हणून "दोन-अडीच वर्षं" धरताना माफी धरू नका. आत काढलेलं वर्ष मात्र शिक्षेतून वजा होतं. दुसरं, दंड भरला नाही तर त्याबदली वेगळी कैद, ती मूळ शिक्षा संपल्यावर सुरू होते. दंडाचे पैसे आत्तापासून बाजूला ठेवा. खर्च झेपत नसेल तर तुरुंगातल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

शिक्षिका_पंचवटी

मला भाच्याबद्दल वाईट वाटतं, पण माझ्या वर्गातल्या मुलांबद्दल जास्त वाटतं. 2023 मध्ये आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, त्यानंतर किती पालक माझ्याकडे येऊन रडलेत. शिक्षा व्हायलाच हवी. पण ज्याने तिकीट काढून दिलं तो नाशिकमध्ये मोकळा फिरतोय आणि 40 हजारांसाठी गेलेला पोरगा आत, हे मला पटत नाही. त्याचं नाव तुम्ही कोर्टाला सांगितलंत का?

द्राक्षवाला_पिंपळगाव

बाई, बरोबर विचारलंत. भाचा घाबरतो, तो माणूस बहिणीच्याच कॉलनीतला आहे. ॲडव्होकेट ताई, हे कोर्टात कसं मांडायचं? सोमवारी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला वकिलांकडे जातोय.

ॲडव्होकेट_सीबीएस

चार्जच्या वेळी "गुन्हा कबूल नाही" एवढंच म्हणू द्या. नाव आणि पैशाचे पुरावे वकिलांमार्फत लेखी द्या, आणि बहिणीला धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार करून तिची प्रत ठेवा. सोमवारी वकिलांकडून तीन कागद मागून घ्या: कस्टम्सने कोर्टात दाखल केलेली कंप्लेंट, 52अ ची जप्त मालाची यादी आणि जामीन नाकारल्याचा आदेश. परत आलात की सीबीएसला, नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, या, बसून वाचू. फी नको.