चर्चा : सहकारी संस्थेतल्या भागाची (शेअरची) किंमत वाढत नसेल, तर सभासदाने पुढच्या वीस वर्षांचा विचार का करावा?

हिशेबनीस, सदाशिव पेठ
आमच्या पगारदार पतसंस्थेच्या वार्षिक सभेत यंदा लाभांश कमी करून नव्या संगणक प्रणालीसाठी रक्कम बाजूला ठेवण्याचा ठराव आला आणि तो हाणून पाडण्यात निवृत्तीला टेकलेले सभासद सर्वांत पुढे होते. त्यांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण राजीनाम्यानंतर भागांची दर्शनी रक्कमच हाती पडणार आणि साठलेल्या गंगाजळीतला छदामही मिळणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तो आजचा लाभांश का सोडेल? गृहनिर्माण संस्थेचे तसे नाही. कोथरूडमधल्या जुन्या इमारतीला नवी लिफ्ट बसवली, तर तिचा पैसा सदनिका विकताना वसूल होतो. गंगाजळीच्या वाढीत व्यक्तिगत हिस्सा दिल्याशिवाय सहकारात दूरची गुंतवणूक होणार नाही, असे माझे मत आहे.

बागायतदार, शिरूर
पटले नाही. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला लावला आणि लाभांशाला 15 टक्क्यांची मर्यादा घातली, ती याच मोहाला आवर घालण्यासाठी. भागाला बाजारभाव आला, की सभासद संस्था वापरायला नव्हे, विकायला बसेल. साखर कारखान्यांचे विस्तार उसाच्या बिलातून टनामागे कापलेल्या परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवींवरही झाले. शेतकरी कुरकुरला, पण त्याने ते सोसले, कारण त्याचा ऊस पुढेही त्याच कारखान्याच्या गव्हाणीत पडणार होता. तुमच्या सभासदाचे नाते निवृत्तीबरोबर संपते, खरी गोम तिथे आहे.

हिशेबनीस
बिल कारखान्याच्या हाती होते म्हणून ठेव कापता आली. तिला संमती म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय बाजारभाव मी मागितलेला नाही. स्पेनमधल्या माँद्रागोन या सहकारी समूहाच्या संस्थांत नफ्याचा काही वाटा कामगार-सभासदाच्या नावावरच्या भांडवली खात्यात जमा होतो, तो संस्था सोडताना त्याला मिळतो आणि तोवर संस्था तो वापरते.

एक लेखापरीक्षक, शिवाजीनगर
त्या खात्यात नफ्याप्रमाणे तोटाही उतरतो. 2013 साली त्याच समूहातली घरगुती उपकरणे बनवणारी फागोर दिवाळखोरीत गेली, तेव्हा सभासदांचे भांडवलही बुडाले. दुसरी अडचण अशी की, एकाच काळात भरती झालेले सभासद एकदमच निवृत्त होतात आणि त्या वर्षी संस्थेतून मोठी रक्कम बाहेर जाते. ठराव पुन्हा मांडणार असाल, तर पुढच्या दहा वर्षांत कोण कधी निवृत्त होणार आणि प्रत्येकाचे किती भाग आहेत, एवढा तक्ता आधी सभेपुढे ठेवा.