सायकलची नवी फ्रेम: आधी कटर की आधी पाना?

खडखड्या:
परवा एकाने छातीठोकपणे लिहिलं की नवी फ्रेम कारखान्यातून तयारच येते, फेसिंग (कटरने तोंडं सपाट करणं) आणि आटे साफ करणं ही मेकॅनिकने बिल फुगवायची कामं; ग्रीस लावा, बेअरिंगचे कप आवळा, निघा डोंगरावर. वर टाळ्याही पडल्या. तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, रंग शेलच्या, म्हणजे पॅडलचा अ‍ॅक्सल जातो त्या नळीच्या, तोंडावर चढतो, आट्यांत उतरतो, ब्रेकच्या पायांवर बसतो. जुन्या कार्ट्रिज बीबीत (बॉटम ब्रॅकेट, शेलमधला बेअरिंगचा संच) दोन्ही बेअरिंग एकाच नळीत असायची, तोंड जरा तिरकं असलं तरी खपून जायचं. आता बेअरिंग शेलच्या बाहेर, दोन वेगळ्या कपांत. ७३ मिमीच्या शेलची तोंडं समांतर नसतील तर कप वाकडे बसणार आणि त्रास अ‍ॅक्सलला नि बेअरिंगला.

माझ्या हार्डटेलचं (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलचं) डावं बेअरिंग चार महिन्यांत गेलं. नवं घातलं, तेही गेलं. तिसऱ्या वेळी कटर लावला. दोन फेऱ्या झाल्यावर तोंडाच्या खालच्या अर्ध्या गोलावर चकचकीत अ‍ॅल्युमिनियम, वरच्या अर्ध्यावर रंग जसाच्या तसा. कटर तिथे टेकलाच नव्हता! याला तयार फ्रेम म्हणायचं?

तिरकस_कप:
तो छातीठोक इसम मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

घरी सहा सायकली बांधल्या, एकीलाही कटर लावला नाही. सहाही चालताहेत. तुमचं डावंच बेअरिंग गेलं ना? पाण्याचा फवारा कुठून मारता ते आधी सांगा. शिवाय फेसिंग म्हणजे धातू काढणं, तो परत चिकटवता येत नाही. कार्बनच्या शेलवर कुणी तुमचं वाचून कटर फिरवला तर वॉरंटी तुम्ही देणार का?

खडखड्या:
कार्बनचा क तरी काढला का मी? आणि सायकल बादली-फडक्याने धुतो. फवारा नाही घरात.

उलटे_आटे:
कटर ठीक, पण टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार) कुणाच्या हातात देताय ते बघा. माझ्या स्टीलच्या फ्रेमवर एका मेकॅनिकने उजव्या बाजूला सरळ आट्यांचा टॅप घातला. बीएसए पद्धतीच्या शेलमध्ये उजवीकडचे आटे उलटे, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. जोर लागतोय म्हणून त्याने लांब दांडा लावला! मी समोर उभा, चहा पीत. आट्यांवर आटे पडले. शेवटी दोन्हीकडून एकमेकांत आवळला जाणारा, आटे न लागणारा बीबी शोधावा लागला. तेव्हापासून माझं मत: वाईट तयारीपेक्षा तयारी नसलेली बरी.

तिरकस_कप:
+१. हेच म्हणत होतो.

खडखड्या:
डॉक्टर चुकीचा निघाला म्हणून औषधच नको? धन्य आहात.

करकर_कंटाळा:
तुम्हाला भांडायला आटे तरी आहेत. माझ्या फ्रेमला प्रेसफिट. ४१ मिमीच्या भोकात प्लॅस्टिकचे कप दाबायचे आणि हात जोडायचे. भोक किंचित लंबगोल निघालं की संपलं. चढावर प्रत्येक पॅडलला करकर. ही रचना ज्याच्या डोक्यातून आली त्याला तीच सायकल घेऊन घाटात सोडा.

रुंद_शेल:
प्रेसफिटला शिव्या देणं ही फॅशन झाली आहे. ९२ मिमीचा शेल मिळतो म्हणून डाउनट्यूब नि चेनस्टे (शेलला जोडलेल्या फ्रेमच्या नळ्या) रुंद घेता येतात. भोक मापात असेल तर आवाज येत नाही. दोष कारखान्याचा, रचनेचा नाही.

करकर_कंटाळा:
मापात असेल तर. त्या 'तर'वर मी तीन बीबी घातले! सँटा क्रूझसारखी सायकल कंपनी बहुतेक माउंटन बाइकना आटेच ठेवत आली, ते काय वेडे? रुंद शेल हवा तर टी४७ घ्या. ४७ मिमी व्यास, आटे आहेत, विषय संपला.

रुंद_शेल:
तीन बीबी बदलून करकर गेली का?

करकर_कंटाळा:
गेली. सीटपोस्ट काढून पुसला, ग्रीस लावून परत घातला, तेव्हा.

पण त्याने प्रेसफिट चांगला ठरत नाही.

रुंद_शेल:
😂😂 मुजरा.

रोटर_घासतो:
मधे बोलतो, माफ करा. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकची पकड) बसतो त्या पायांवरचा रंग कुणी बघत नाही. कॅलिपर रोटरच्या (ब्रेकच्या चकतीच्या) बरोब्बर मधे धरला, बोल्ट आवळला की शेवटच्या पाव फेरीत तो डोळ्यांदेखत एका बाजूला सरकतो. सैल करा, परत आवळा, परत तेच. पाय सपाट करून घेतले की पहिल्या झटक्यात बसतो. हँगरचंही (मागचं गियर टांगायच्या तुकड्याचं) तसंच: पार्सलमध्ये वाकून येतो. गेजने रिमशी चार ठिकाणी अंतर बघा, मग गियरला दोष द्या.

करकर_कंटाळा:
हँगर सोडा हो, प्रेसफिटवर बोला.

तिरकस_कप:
या धाग्याने झोप उडवली म्हणून कालच्या रविवारी सहाव्या सायकलचा कप काढला. अ‍ॅल्युमिनियमची आहे, आधीच सांगतो. तोंडाच्या रंगावर कपाच्या कडेची खूण उमटली आहे, पण पूर्ण गोल नाही. साधारण घड्याळाच्या दोन ते आठ. बाकी रंग कोरा.

याने काहीही सिद्ध होत नाही. बेअरिंग अजून गुळगुळीत फिरतं. फेसिंग करणार नाही. फक्त रंग काढून घेणार आहे.

खडखड्या:
कशाने काढणार?

तिरकस_कप:
कटरने. पण एकच फेरी.

खडखड्या:
एक फेरी म्हणे! मारा. तेल भरपूर घाला, उलटा फिरवू नका, धार जाते. नंतर बुरा पुसल्याशिवाय कप घालू नका. आणि तुमच्या सहापैकी बाकी पाचांचे कप कधी काढताय तेही कळवा.

रोटर_घासतो:
हँगर बघितला का कुणी?