एक इमारत, चार शाळा: विकास आराखडा एकत्र कसा करायचा?

खडूफळा
पालिकेची तीन मजली इमारत आहे. सकाळी मराठी (पहिली ते पाचवी, पट 95) आणि हिंदी (240), दुपारी उर्दू (310) आणि इंग्रजी (110). यंदा शाळा विकास आराखडा चौघांनी मिळून करायचा असं मुख्याध्यापकांचं ठरलंय, जुळवाजुळव शिक्षक प्रतिनिधी म्हणून माझ्याकडे आहे. समित्या चार, भाषा चार. शौचालयं, मैदान, पाण्याची टाकी मात्र एकच. आराखडा एक द्यायचा की चार? सुरुवात कुठून करू?

दुपारसत्र
आराखडे चारच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे तो प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीने करायचा असतो आणि पुढचं सगळं 11 अंकी यू-डायस क्रमांकावर (प्रत्येक शाळेचा वेगळा सरकारी ओळख क्रमांक) चालतं. एका शाळेच्या नावाने एकच गठ्ठा दिला तर बाकी तिघांच्या मागण्या गेल्याच म्हणून समजा.

पैशाचाही हिशोब बघा. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 31 ते 100 ला 25,000, 101 ते 250 ला 50,000, 251 ते 1000 ला 75,000. तुमच्या चार शाळांचे मिळून 2,00,000 होतात. पट एकत्र करून 755 ची एकच शाळा धरली तर फक्त 75,000. प्रत्येक शाळेच्या अनुदानातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. चौघांचे ते 20,000 एकत्र ठरवून वापरले तर कड्या, नळ, फ्लश एका फेरीत होतात. वेगवेगळे खर्च केले की चार शाळा चार फिनेलचे कॅन आणतात आणि गळका नळ गळतच राहतो.

म्हणून आराखडे चार ठेवा, पण शेवटी 'सामायिक कामे' नावाची एकच पुरवणी चौघांना शब्दशः सारखी जोडा. त्यात चारही यू-डायस क्रमांक आणि चारही अध्यक्ष व मुख्याध्यापकांच्या सह्या हव्यात.

मोजूनमापून
सुरुवात मोजणीपासून करा, मागण्यांपासून नको. सामायिक इमारतीत घोडं इथेच अडतं.

समजा मुलींची चालू शौचालयं 4 आहेत. चारही शाळा यू-डायसची माहिती भरताना आपापल्या नावावर 4 दाखवतात, कागदावर 16 होतात. चारही शाळांत मिळून 370 मुली धरल्या तर एका शौचालयामागे 23 येतात. निकष साधारण 40 ला एक असा आहे, त्यामुळे वॉर्डातून उत्तर येतं की सुविधा पुरेशी आहे. प्रत्यक्षात दुपारच्या सत्रात 205 मुली असतील तर एकामागे 51 होतात आणि गरज 6 ची निघते. दोन्ही सत्रांची बेरीज करू नका, ज्या सत्रात गर्दी जास्त तोच आकडा धरा. आणि हे गणित पुरवणीच्या पहिल्या पानावर घाला.

पाण्याचंही तसंच. टाकी सकाळी भरली आणि मधल्या सुट्टीपर्यंत संपली तर दुपारच्या मुलांना नळ कोरडे. एक आठवडा रोज सकाळी 7, दुपारी 12.30 आणि 4 वाजता टाकीची पातळी लिहून ठेवा. मग कळेल की टाकी लहान आहे, पंपाची वेळ चुकते आहे की कुठला फ्लश अखंड वाहतो आहे. तिन्हींचे उपाय आणि खर्च अगदी वेगळे आहेत.

मागणी लिहिताना 'शौचालय दुरुस्त करावे' एवढ्यावर थांबू नका. 'पहिला मजला, जिन्याकडील बाजू, मुलींचे क्र. 3: आतली कडी नाही, फ्लशची टाकी तळातून गळते' असं लिहा. कडी नसलेल्या शौचालयात मुली जात नाहीत. ते कागदावर चालू असतं, मुलींसाठी बंदच. छत, प्लंबिंग, नवा ब्लॉक ही मोठी कामं पालिकेच्या शाळा पायाभूत सुविधा कक्षाकडे जातात, ती अनुदानातल्या किरकोळ कामांत मिसळू नका.

पालक_प्रतिनिधी
समितीत किमान 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला लागतात, पण सभा दुपारी 3 ला ठेवली तर घरकामाला जाणाऱ्या आया येणार कशा? तुमच्याकडे सत्र बदलताना दोन्हीकडचे पालक गेटवर असतात. तीच वेळ साधा, 25 मिनिटं, विषय तीनच. कागदावरून आराखडा वाचून दाखवू नका. चारही शाळांचे पालक एकत्र इमारत फिरा आणि जागेवरच लिहा. भाषा वेगळ्या असल्या तरी तुटलेली कडी सगळ्यांना दिसते.

इतिवृत्त मात्र चार वह्यांत, आपापल्या माध्यमात, ठरावाचा मजकूर एकच. पुढे चौकशी झाली की प्रत्येकाची वही वेगळी मागतात.

दुपारसत्र
तारखाही उलट मोजा. पालिकेचा शिक्षण अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो. मार्चमध्ये पोचलेली मोठी मागणी पुढच्या वर्षावर ढकलली जाते. ऑक्टोबरात मोजणी, नोव्हेंबरात ठराव, डिसेंबर संपायच्या आत विभाग निरीक्षकांमार्फत प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय प्रत सोडू नका.

मोजूनमापून
मराठी शाळेबद्दल एक राहिलं, आणि ते सगळ्यात निकडीचं आहे. कायद्याच्या परिशिष्टात पाचवीपर्यंत 91 ते 120 मुलांना चार शिक्षक, 61 ते 90 ला तीन. तुमचा पट 95. समजा पाचवीतून 22 गेले आणि पहिलीत 14 आले की 87, म्हणजे एक शिक्षक कमी. आराखड्यात वर्गवार पटाचा अंदाज मागतात तो याचसाठी. तो कोणी मागच्या वर्षाची नक्कल करून भरू नये. जवळच्या अंगणवाड्या-बालवाड्यांतून पहिलीला येणाऱ्या मुलांची यादी जानेवारीतच घ्या, पालक सदस्यांना दोन-दोन गल्ल्या वाटून द्या.

खडूफळा
पुरवणीतली कामं झाली की नाही हे कोणी बघायचं? सकाळचे म्हणतात दुपारवाल्यांनी तोडलं, दुपारचे म्हणतात सकाळच्यांनी.

पालक_प्रतिनिधी
सत्र बदलताना दोन्ही सत्रांच्या एकेका शिक्षकाने पाच मिनिटं एकत्र फेरी मारायची आणि एकाच वहीत सही करायची. वही शिपायाच्या टेबलावर, दोरीने बांधलेली.