काटे नसलेलं घड्याळ: गंमत तबकडीच्या मागे

भिंतीवरच्या या घड्याळाच्या तबकडीवर काटे नसतात, दोन पोलादी गोळ्या फिरून तास आणि मिनिटं दाखवतात. इथली चर्चा 'गोळ्या आपोआप कशा फिरतात' यावर अडकलीय, म्हणून थोडी भर. तबकडीच्या मागे नेहमीचेच काटे असतात, त्यांच्या टोकांना चुंबक. पुढच्या पोलादी गोळ्या नुसत्या ओढल्या जातात.

खरी गोम अंतरात आहे. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, त्यामुळे तबकडी जाड झाली की गोळी थेट जमिनीवर. फार जोरदार चुंबक घेतलं तर गोळी तबकडीला घट्ट चिकटते आणि साध्या क्वार्ट्झ मशीनला (सेलवर चालणाऱ्या घड्याळाच्या यंत्राला) ती ओढवत नाही. मोठ्या काट्यांसाठीचं मशीन मागा. शिवाय 12 तासांत काटे 11 वेळा एकमेकांवर येतात. दोन्ही गोळ्या एकाच वर्तुळावर ठेवल्या तर वेळेचा बट्ट्याबोळ! तासाची गोळी आतल्या वर्तुळावर घ्या.

बेअरिंगच्या गोळ्यांसाठी पुण्यातली बोहरी आळी गाठा, पण चुंबक खिशात ठेवा. 304 नावाच्या स्टेनलेस स्टीलची गोळी चुंबक धरत नाही, आणि दुकानदार ते सांगेलच असं नाही.

बाकी, कल्पना जुनीच. 17व्या शतकात फ्रान्समधल्या ल्योंच्या ग्रोलिए द सर्व्हिएर यांनी पाण्याच्या ताटात तरंगणारं कासव केलं होतं. ताटाखाली चुंबक फिरे, कासव काठावरचा तास दाखवी. मला विचाराल तर भिंतीवरच्या गोळ्यांपेक्षा हे झकास. कुणी करणार असेल तर ताट लोखंडाचं नको, चुंबकाची ओढ तेच खाऊन टाकेल. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून तांब्याचं घ्या.