निर्णय वरच्यांचा, शिव्या खालच्यांना - तुमचे अनुभव लिहा

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. आपण ग्राहक म्हणून चिडतो ते समोर दिसणाऱ्या माणसावर, म्हणजे काउंटरवरची मुलगी, फोनवरचा मुलगा, दारात आलेला डिलिव्हरीवाला. पण त्यांनी जे केलं किंवा केलं नाही ते बऱ्याचदा वर कुठल्यातरी मीटिंगमध्ये आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणारा माणूस आपल्याला जन्मात भेटत नाही. मी एचआरमध्ये आहे, राजीनामा देऊन जाणाऱ्यांशी शेवटचं बोलणं माझ्याकडे असतं, त्यामुळे हे फार जवळून ऐकते. पगार कमी म्हणून गेलो असं कागदावर लिहितात आणि बोलायला लागले की कळतं की रोज लोकांशी खोटं बोलायला लागत होतं म्हणून गेले.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण काहींना आठवत असेल. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ प्रॉडक्ट विकायची असं वरून ठरलं होतं. रोजचं टार्गेट, रोजचा दबाव, शेवटी शाखेतल्या लोकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली, कार्डं काढली. २०१६ मध्ये हे चव्हाट्यावर आलं तेव्हा बँकेने सांगितलं की आम्ही सुमारे ५,३०० लोकांना काढून टाकलंय. त्यातले बहुतेक खालच्या पातळीवरचे! मुख्याधिकारी जॉन स्टम्फ यांना नंतर जावं लागलं, २०२० मध्ये बँकेने ३ अब्ज डॉलर भरून सरकारशी प्रकरण मिटवलं, पण ज्या माणसाने नोकरी टिकवायला ते खोटं खातं उघडलं तो सगळ्यात आधी घरी गेला होता.

तर लिहा. ग्राहक म्हणून, कर्मचारी म्हणून, साहेब म्हणून, कसंही चालेल. चांगले अनुभवही हवेत. स्वतःचा अनुभव असेल तर कंपनीचं नाव नको.

———

मी बरीच वर्षं कॉल सेंटरमध्ये काढली. तिथे सगळं जग एएचटीवर चालतं, म्हणजे एक कॉल सरासरी किती वेळात संपवला. स्क्रीनच्या कोपऱ्यात टायमर असतो, आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की टीम लीडर खुर्चीमागे येऊन उभा राहतो, बोलत काही नाही, नुसता उभा.

आमचे जुने हेड होते तोवर लाल झाला तरी कोणी विचारायचं नाही, कस्टमरचं काम झालं ना मग झालं असं त्यांचं म्हणणं. ते गेले आणि नवीन साहेब आले, त्यांनी आल्या आल्या टार्गेट जवळपास निम्म्यावर आणलं. मग लोकांनी पळवाटा काढल्याच, अवघड कॉल आला की दुसऱ्या डिपार्टमेंटला ट्रान्सफर, नाहीतर 'तुमची तक्रार नोंदवली आहे, तुम्हाला फोन येईल' म्हणून ठेवून द्यायचा, काही जण तर हॅलो हॅलो आवाज येत नाहीये म्हणत सरळ कट करायचे. रिपोर्टमध्ये आकडा एकदम झकास. आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुप्पट चिडून परत फोन करायचा, तो नवीन कॉल म्हणून मोजला जायचा, म्हणजे आकडा अजून झकास.

एका आजींचा कॉल विसरता येत नाही. त्यांचा मुलगा वारला होता आणि त्याच्या नावावरचं कनेक्शन बंद करायचं होतं, एवढंच काम. माझ्याकडे कॉल यायच्या आधी त्या बऱ्याच जणांशी बोलल्या होत्या आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला लागलं होतं की मुलगा गेला. जुन्या नोंदी उघडल्या तर सगळीकडे 'ग्राहकास माहिती दिली' लिहून क्लोज केलेलं. मी टायमर लाल होऊ दिला, कुठले कागद लागतील ते सावकाश लिहून घ्यायला लावलं, मेल पाठवला, तो त्यांच्या नातीला मिळाला हे ऐकूनच फोन ठेवला. महिन्याच्या शेवटी इन्सेन्टिव्ह कापला गेला. त्याचं काही वाटलं नाही, पण माझ्या आधीचे जे होते तेही माणसंच होती हो, माझ्याच रांगेत बसणारी, चांगली पोरं होती. त्यांना तसं वागायला लावलं गेलं.

झॅपोस नावाची बुटं विकणारी अमेरिकन कंपनी आहे, तिथे कॉलला वेळेची मर्यादाच ठेवली नव्हती. त्यांचा एक कॉल दहा तासांच्या वर चालला होता आणि कंपनी तो अभिमानाने सांगायची. तेही कॉल सेंटरच, मग आपल्याकडचे साहेब असं का करू शकत नाहीत?

———

बँकेचं लिहिलंत म्हणून लिहिते. मी एका बँकेच्या शाखेत होते (वेल्स फार्गो नाही). सकाळी शटर उघडायच्या आधी मीटिंग, आज कोण किती पॉलिसी करणार ते सगळ्यांसमोर तोंडाने बोलायचं. मग तासातासाला व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे टाकायचे, ज्याचा शून्य असेल त्याच्या नावापुढे लाल खूण. ग्रुपमध्ये वरचे रिजनल साहेब पण असायचे.

यात कोण भरडलं जातं माहितीये? ज्याचा बँकेवर विश्वास आहे तो. तरुण माणूस दहा प्रश्न विचारतो, वयस्कर माणूस 'तुम्ही सांगता तर चांगलंच असेल' म्हणून सही करतो. एफडी मोडायला आलेल्या एका निवृत्त गृहस्थांना दरवर्षी हप्ता भरायची पॉलिसी द्यायला मला सांगितलं गेलं. मी त्यांच्यासमोरच विचारलं, काका, दरवर्षी एवढी रक्कम भरणं जमेल का तुम्हाला? ते म्हणाले दरवर्षी कशाला, एकदाच ना? विषय तिथेच संपला. त्यानंतर माझी बदली झाली, कारण मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मला राग त्या मॅनेजरचा नाही येत, त्यालाही घर चालवायचं होतं, रात्री उशिरापर्यंत त्याला फोन यायचे. राग येतो तो लाल खुणेची आयडिया ज्याने काढली त्याचा.

———

एअरलाइनच्या ग्राउंड स्टाफमध्ये होतो मी. फ्लाइट रद्द झाली की कंपनीचं कस्टमर केअर लागत नाही, ॲप चालत नाही, आणि दोनशे माणसं आमच्या तीन काउंटरसमोर. आमच्या कॉम्प्युटरवर प्रवाशाच्या मोबाइलवर दिसतं त्यापेक्षा जास्त काहीच दिसायचं नाही, हे कोणाला सांगून पटत नाही. लोक अंगावर यायचे, एकदा एका बाईने तिच्या बाळाची फाइल दाखवली, हॉस्पिटलची तारीख होती, मी काय करणार? दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवायचा अधिकारच आम्हाला नव्हता, आधी होता म्हणे, खर्च वाचवायला काढून घेतला.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सचं जे झालं त्याबद्दल वाचताना अंगावर काटा आला. वादळ सगळ्यांनाच आलं होतं पण बाकीच्या कंपन्या सावरल्या आणि यांची १६,००० च्या वर उड्डाणं रद्द झाली, कारण कुठला पायलट कुठे अडकलाय हेच सिस्टीमला कळेना. क्रूला स्वतः फोन करून सांगायला लागत होतं की मी अमुक ठिकाणी आहे, आणि तो फोन लागायला तासन्तास. पायलटांची युनियन त्या जुन्या सिस्टीमबद्दल आधीपासून ओरडत होती. पुढे सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड लावला. आणि ही तीच कंपनी जिचे संस्थापक हर्ब केलेहर म्हणायचे की कर्मचारी आधी, ते खूश तर ग्राहक खूश. म्हणजे कर्मचाऱ्यांशी गोड वागून भागत नाही, ते जे सांगताहेत त्यावर पैसे खर्च करायला लागतात.

———

चांगला अनुभव मागितलाय म्हणून कारखान्यातला सांगतो, जरा मोठा आहे.

क्वालिटीला होतो मी. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरचा साधा कामगारसुद्धा दोरी ओढून मदत बोलवू शकतो आणि प्रॉब्लेम सुटला नाही तर लाइन थांबते, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आमच्याकडे दोरीऐवजी लाल बटण होतं. पण बटण दाबलं की सुपरवायझर पळत यायचा आणि पहिला प्रश्न 'कोणी थांबवली?' त्यामुळे कोणी हात लावायचं नाही, खराब माल पुढे जायचा, शेवटी तपासणीत पकडला तर पकडला.

नवीन प्लांट हेड आले. एक ट्रेनी मुलगी होती, तिला बोल्ट पूर्ण बसत नाहीयेत असं वाटलं, आटे अर्धेच धरत होते, तिने घाबरत घाबरत बटण दाबलं. साहेब नेमके खालीच होते. ते आले, आमचा श्वास अडकलेला, त्यांनी तिला विचारलं 'काय दिसलं तुला?' तिने दाखवलं. त्यांनी तो बोल्ट स्वतः हाताने फिरवून बघितला, मग पेटीतले अजून काढून बघितले, सगळी बॅचच तशी. सगळ्यांसमोर तिला थँक्यू म्हणाले आणि सुपरवायझरला म्हणाले की यापुढे पहिला प्रश्न 'काय दिसलं' हाच.

लगेच सगळं गोड झालं असं नाही हं, आधी प्रॉडक्शन पडलं कारण लोक बारीकसारीक गोष्टीला पण बटण दाबायला लागले. हेड ऑफिसचे फोन यायचे, ते त्यांनी स्वतः घेतले, एकही खाली आमच्यापर्यंत येऊ दिला नाही. हे मला फार मोठं वाटतं. नंतर कस्टमरकडून परत येणारा माल इतका कमी झाला की परत आलेला माल ठेवायची खोली दुसऱ्या कामाला वापरायला लागलो. पॉल ओनील १९८७ मध्ये अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्या भाषणात नफ्याबद्दल नाही, कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल बोलले, तेव्हा लोकांना वाटलं याला वेड लागलंय. पुढे अपघातही कमी झाले आणि नफाही वाढला. आमच्या साहेबांकडे बघून मला ते खरं वाटतं.

———

मी फक्त ग्राहक. एक ऑनलाइन सबस्क्रिप्शन बंद करायचं होतं, सुरू एका क्लिकमध्ये झालेलं, बंद करायचं बटण सापडेना. शेवटी फोन केला तर समोरची मुलगी ऑफर देत सुटली, मी आवाज चढवला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, 'सर, तीन ऑफर दिल्याशिवाय मला कॅन्सलचं पानच उघडत नाही, तुम्ही अजून दोनदा नाही म्हणा, मी लगेच करते.' मी दोनदा नाही म्हणालो, तिने केलं. तेव्हापासून फोनवरच्या माणसावर ओरडणं बंद केलंय.

ॲमेझॉनवर पण अमेरिकेत प्राइम बंद करणं मुद्दाम अवघड केलं म्हणून खटला झाला होता, त्या प्रक्रियेला कंपनीच्या आत एका ग्रीक महाकाव्याचं नाव होतं, इतकी ती लांबलचक. २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर मिटलं. नाव ठेवणाऱ्याला माहीत होतं ना आपण काय करतोय ते.

———

सॉफ्टवेअर टेस्टर आहे. रिलीजच्या आदल्या दिवशी बग सांगितला की 'नोन इश्यू' म्हणून यादीत टाकतात आणि पुढे जातात, हे सगळीकडे बघितलंय. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं होरायझन प्रकरण वाचावं. फुजित्सूची अकाउंटिंग सिस्टीम १९९९ पासून वापरात आणली, ती खोटी तूट दाखवायची, आणि पोस्टाची छोटी केंद्रं चालवणाऱ्या लोकांवर चोरीचे खटले भरले. ९०० च्या वर लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना सांगायचे, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. शेवटी २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द केल्या. माझ्या लेखी बग होणं हा गुन्हा नाही, बग माहीत असताना 'तुमच्याकडेच होतंय' म्हणणं हा आहे.

———

कपातीत गेलेली मी. सकाळी लॉगिन चालेना, मग फोनवर लिंक आली, व्हिडिओ कॉलवर आम्ही सगळे म्यूट. बेटर डॉट कॉम या घरकर्ज देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये असंच एका झूम कॉलवर ९०० जणांना काढलं होतं, जगभर छी थू झाली, तरी पद्धत तीच चालू आहे. माझे क्लायंट मला दोन दिवस फोन करत होते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एकाची डेडलाइन होती, सगळी माहिती माझ्या लॅपटॉपमध्ये आणि मला आत जाता येत नाही. हॅन्डओव्हरला एक दिवस दिला असता तर कंपनीचं काय गेलं असतं?

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या निन्तेंदो या जपानी कंपनीचे प्रमुख सातोरु इवाता यांनी २०१४ मध्ये धंदा बसला तेव्हा स्वतःचा पगार निम्मा केला होता, लोकांना काढलं तर उरलेले घाबरून चांगलं काम करू शकणार नाहीत असं त्यांचं मत. असेही असतात.

———

मी घरगुती मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस टीम सांभाळतो. आमच्या मालकांनी टेक्निशियनला एक ठरावीक रकमेपर्यंत स्वतः निर्णय घ्यायची मुभा दिली होती, म्हणजे पार्ट फुकट द्यायचा, व्हिजिट चार्ज सोडायचा, कोणाला विचारायचं नाही. रिट्झ कार्लटन हॉटेलमध्ये साध्या कर्मचाऱ्यालाही पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च करता येतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, त्यावरून. मला भीती होती की मुलं पैसे उधळतील. उलट झालं, बहुतेकांनी मर्यादेच्या निम्मेही वापरले नाहीत, आणि तक्रारी वर माझ्यापर्यंत यायच्याच बंद झाल्या. एक जण तर म्हणाला सर, आता लोकांच्या घरी जाताना पोटात गोळा येत नाही.

आता कंपनी विकली गेलीय. नवीन लोकांनी मुभा काढली नाही पण प्रत्येक खर्चाला फॉर्म आणलाय, कारण, फोटो, ग्राहकाची सही, मंजुरी देणाऱ्याचं नाव. मुलं परत 'ऑफिसला विचारून सांगतो' म्हणायला लागलीत आणि माझा फोन परत दिवसभर वाजतोय. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर मीटिंग आहे, जुनं सगळं रेकॉर्ड काढून ठेवलंय, किती तक्रारी यायच्या, किती परत व्हिजिट लागायच्या. कोणी अशा नवीन मॅनेजमेंटला आकडे दाखवून पटवलं असेल तर नक्की कुठले आकडे त्यांना पटले ते प्लीज लिहा, मला उपयोग होईल.